बिबट्याला बोलावले कोणी?

संघाच्या यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही काही लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह पडला, तेव्हा धान्याचे भाव, बाजार समितीचा सेस किंवा वाहतुकीच्या अडचणी यांपैकीच एखादा विषय आम्ही घेऊ, अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर अधिकाराने लिहिणारे बंधू या अंकात आहेतच. आम्ही मॅट्रिक होऊन पेढीवर बसलो आणि चाळीसहून अधिक वर्षे पोते, काटा व खतावणी यांच्यापलीकडे फारसे पाहिले नाही. वन्य प्राण्यांविषयी लिहिण्याचा आमचा अधिकार तो काय? तथापि गेली काही वर्षे एक गोष्ट मनाला टोचत आहे, आणि तिचा संबंध आपल्या व्यापाराशी व आपल्या धर्माशी असल्यामुळे ती आपल्याच माणसांपुढे मांडावी असे वाटते.

५ ऑगस्ट २०२२ रोजी, शुक्रवारी, बेळगावच्या जाधव नगर वसाहतीत बिबट्या शिरला. बांधकामावरच्या एका मजुरावर त्याने झेप घेतली. मजूर वाचला, परंतु मुलावर वाघाने हल्ला केल्याची वार्ता कानी पडताच त्याच्या मातेस धक्का बसून तिचे प्राण गेले, असे वर्तमानपत्रांत आले होते. त्यानंतर बिबट्या गोल्फ मैदानाच्या झाडीत आहे असे निष्पन्न झाले, आणि पुढचा महिनाभर शहरात दुसरा विषय उरला नाही. आसपासच्या बावीस शाळांना सुट्टी देण्यात आली. पिंजरे लागले, झाडांना कॅमेरे बांधले गेले, ड्रोन उडाले, भूल देणाऱ्या बंदुका आल्या, शिकारी कुत्री आली, आणि अखेरीस शिमोग्याजवळील सक्रेबैलच्या छावणीतून दोन हत्ती आणण्यात आले. हत्तींना पाहावयास इतकी गर्दी लोटली की बिबट्याऐवजी माणसांनाच आवरण्याची पाळी पोलिसांवर आली. मधूनच तो क्लब रोडसारख्या वाहत्या रस्त्यावर दर्शन देई आणि पुन्हा झाडीत नाहीसा होई. तो शेवटपर्यंत सापडला नाही. एके दिवशी दिसेनासा झाला, इतकेच.

आम्ही पहाटे त्याच बाजूला फिरावयास जात असू. ते बंद झाले. नातवंडांची शाळा बंद झाली. घरात सुनेने अंगणात दोरीवर कपडे वाळत घालणेही सोडले. भय हे असे घरात शिरते, आणि ते खोटे होते असे आम्ही आजही म्हणणार नाही. त्या भयाच्या भरात पेठेतील काही व्यापाऱ्यांनी एक अर्ज तयार केला. बिबट्यास तात्काळ जेरबंद करून दूरच्या जंगलात सोडण्यात यावे, अशी त्यात मागणी होती. त्या अर्जावर चौथी सही आमची आहे. चातुर्मास चालू होता, दशलक्षण पर्व पंधरवड्यावर आले होते, आणि ‘ठार मारा’ असे न लिहिता ‘दूर सोडा’ असे लिहिले याचे आम्हांस समाधानच वाटले होते.

हे समाधान फार दिवस टिकले नाही. खानापूरकडील जंगलपट्ट्यातील एक शेतकरी वर्षानुवर्षे आमच्या पेढीवर भात घालतो. तो हिशेबाला आला असता चहा पिता पिता म्हणाला, “सावकार, तुमच्या गावचा बिबट्या आमच्या रानात सोडा म्हणून कागद केलासा म्हणं? आमची प्वारं काय शाळेला जाईनात व्हय?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. ‘दूरचे जंगल’ हे शब्द लिहिताना तेथे कोणी राहत असेल हे मनातही आले नव्हते. आपल्या पेढीवर पोरकिडा लागलेले पोते आले तर ते निवडून, चाळून आपणच त्याचा बंदोबस्त करावयाचा, की रात्रीतून ते शेजारच्या दुकानदाराच्या थप्पीला लावून मोकळे व्हावयाचे? दुसरा मार्ग पत्करणाऱ्यास आपण व्यापारी म्हणत नाही. आणि आम्ही तर सही करून तेच मागितले होते.

त्यानंतर या विषयावर मिळेल ते वाचावयास लागलो. वाचून समजले ते असे, की शेजाऱ्याच्या थप्पीला लावलेले पोतेही तेथे स्वस्थ राहत नाही. पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागात, उसाच्या मळ्यांत राहणारे बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्याचा कार्यक्रम २००१ पासून मोठ्या प्रमाणावर झाला. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा पुढे अभ्यास केला व २०११ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांचे आकडे वाचून आम्ही दोनदा चष्मा पुसला. १९९३ ते २००१ या काळात त्या भागात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत असत. पकडून सोडण्याचा सपाटा सुरू झाल्यावर ते वर्षाला सतरांवर गेले. हल्ल्यांपैकी प्राणघातक ठरणाऱ्यांचे प्रमाण शेकडा अठरावरून छत्तीसवर गेले. शिवाय जेथे बिबटे नेऊन सोडले, त्या जागांच्या आसपास, जेथे पूर्वी फारसा त्रास नव्हता तेथे, हल्ले होऊ लागले. मांजर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडले तर ते चार दिवसांत घरी परतते, हे आपल्या घरोघरच्या बायकांना ठाऊक असते. हे तर मोठे मांजर. पकडताना, कोंडताना झालेला जाच, अनोळखी मुलूख आणि तेथे आधीपासून ठाण मांडून बसलेले दुसरे बिबटे, यांमुळे ते बावरते, आणि बावरलेले जनावर माणसाजवळ आले म्हणजे अनर्थ होतो. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाभोवती २००२ ते २००४ या काळात जे बळी गेले, त्यामागेही बाहेरचे बिबटे आणून सोडणे हे एक कारण सांगितले जाते.

म्हणजे आमच्या अर्जात जे औषध मागितले होते, ते रोगाहून वाईट होते.

मग रोग कोणता? बिबट्या शहरात येतोच का? ‘जंगले तोडली म्हणून’ हे उत्तर सर्वांच्या जिभेवर असते आणि त्यात तथ्यही आहे. परंतु ते उत्तर सोयीचेही आहे, कारण जंगल तोडणारा नेहमी कोणी तरी दुसरा असतो. नगर जिल्ह्यातील अकोले भागात जंगल असे नव्हतेच, शेती होती, आणि तेथे प्रत्येक शंभर चौरस किलोमीटरात जवळपास पाच प्रौढ बिबटे आढळले. ते काय खात होते याचाही शोध घेण्यात आला. त्यांच्या आहारातील मांसाचा शेकडा सत्त्याऐंशी भाग पाळीव व वस्तीतल्या जनावरांचा होता, आणि एकट्या कुत्र्यांचा वाटा शेकडा एकोणचाळीस. शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरी त्यांचा वाटा अवघा अकरा. कारण शेळी रात्री गोठ्यात असते आणि कुत्रे रस्त्यावर.

वाचकहो, आता आपल्या पेठेच्या पाठीमागच्या बोळात एकदा रात्री दहानंतर चक्कर मारावी. आम्ही मारली. चाळणीचा कचरा, फुटक्या पोत्यांतून सांडलेली डाळ, कोंडा, हॉटेलांचे उष्टे, मटणाच्या दुकानांचे टाकाऊ, असे सर्व एकाच ढिगात पडलेले असते. घंटागाडी सकाळी येते. रात्रभर तेथे डुकरांचे कळप आणि कुत्र्यांच्या झुंडी असतात. एका ढिगाभोवती आम्ही सतरा कुत्री मोजली. पहाटे फिरावयास जाणारे आमच्यासारखे गृहस्थ खिशातून बिस्किटांचे पुडे नेऊन गोल्फ मैदानाच्या कडेने कुत्र्यांना घालीत असतात. त्यातही आम्ही होतोच. जीवदया म्हणून घालतो. परंतु त्या दयेने आम्ही त्या मुक्या जिवांना जंगलाच्या कडेला एकत्र करून ठेवतो, आणि तेथे त्यांचे काय होते हे पाहावयास थांबत नाही. बिबट्याने त्या झाडीत एवढे दिवस काढले ते उपवास करून नव्हे.

याच सुमारास दूरदेशीची एक हकीकत आमच्या कानी आली. आमचा एक पुतण्या अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरात नोकरीस आहे. आमच्या बिबट्याची बातमी त्याने तेथे वाचली आणि डिसेंबर २०२२ मध्ये फोनवर सांगितले, “काका, तुमचा सापडला नाही; आमचा परवा गेला.” त्यांच्याकडे माउंटन लायन, म्हणजे प्यूमा नावाचे, अंगावर ठिपके नसलेले पिंगट रंगाचे मोठे मांजर असते. असा एक नर दोन प्रचंड हमरस्ते ओलांडून शहराच्या मधोमध असलेल्या ग्रिफिथ पार्क या डोंगराळ उद्यानात आला असावा. फेब्रुवारी २०१२ मध्ये तो प्रथम कॅमेऱ्यात दिसला. शास्त्रज्ञांनी त्याच्या गळ्यात पट्टा घालून त्यास पी-२२ असा क्रमांक दिला, आणि लक्षावधी लोकांच्या शेजारात तो सुमारे दहा वर्षे राहिला. त्या काळात त्याने एकाही माणसास इजा केली नाही.

या प्यूमाच्या दोन गोष्टी आम्ही विसरू शकलो नाही. एप्रिल २०१५ मध्ये तो एका घराच्या जोत्याखालच्या पोकळीत जाऊन बसला. घराबाहेर अधिकारी, वार्ताहर, कॅमेरे यांची दाटी झाली. त्यास हुसकण्यासाठी काठ्यांनी डिवचले, टेनिसचे चेंडूसुद्धा मारले. तो हलला नाही. शेवटी रात्री सर्वांना तेथून दूर काढले, आणि सकाळी पाहावे तो स्वारी आपल्या पायांनी उद्यानात परत गेलेली. आमच्या येथे हत्ती पाहावयास लोटलेली गर्दी आठवून आम्हांस ओशाळल्यासारखे झाले. जनावराला जाण्यास वाट आणि काळोख हवा असतो. आपण त्यास चारी बाजूंनी मोबाइलचे दिवे दाखवितो.

दुसरी गोष्ट आपल्या व्यापाराची आहे. मार्च २०१४ मध्ये त्या प्यूमास पकडून तपासले तेव्हा तो खरजेने गलितगात्र झाला होता आणि त्याच्या रक्तात उंदरांचे विष सापडले. उंदीर मारण्यासाठी रक्त गोठू न देणारी जी औषधे वापरतात, तीच. तो उंदीर खात असेल असे नव्हे. परंतु विष खाल्लेला उंदीर दुसऱ्या प्राण्याने खाल्ला, तो प्राणी याने खाल्ला, असे ते विष पायरी पायरीने वर चढले. उतारा म्हणून त्यास के जीवनसत्त्व टोचावे लागले. त्या प्रांतात पुढे कायदा होऊन २०२१ पासून त्या जातीच्या अधिक जालीम विषांच्या वापरावर मोठे निर्बंध आले. तरीही त्या प्यूमाचा अंत चांगला झाला नाही. म्हातारपणी तो पट्ट्याने बांधलेल्या कुत्र्यांवर जाऊ लागला, बहुधा मोटारीखालीही सापडला, आणि १७ डिसेंबर २०२२ रोजी डॉक्टरांनी त्यास शांत केले.

उंदरांच्या विषाची ती हकीकत ऐकली आणि आम्ही गोदामात गेलो. कोपऱ्यात निळ्या-हिरव्या वड्यांचे खोके होते. ब्रोमाडायोलोन. हे त्याच कुळातले औषध. ते आम्ही विकत आणतो, परंतु हाताने कधी टाकीत नाही. आमच्या व्रताला बाध येतो. हमाल टाकतो. सकाळी मेलेले उंदीर तोच उचलतो आणि मागच्या बोळात, त्याच ढिगावर फेकतो. आपल्या शास्त्रात हिंसा तीन प्रकारांनी घडते असे लहानपणी पाठशाळेत शिकविले होते: कृत, कारित आणि अनुमोदित. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि दुसऱ्याने केली असता संमती दिलेली. वड्यांचे खोके ही ‘कारित’ झाली आणि अर्जावरील सही ही ‘अनुमोदित’. पहिल्या प्रकारातून आम्ही सुटलो, हेच काय ते आमचे पुण्य!

येथे कोणी विचारील, आणि विचारावे, की ज्यांच्या घरातले मूल गेले त्यांना तुम्ही हेच प्रवचन ऐकविणार काय? नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तीन जीव गेले, त्यांत दोन मुले होती. लोकांनी रस्ता अडविला, वनखात्याची गाडी जाळली, आणि ४ नोव्हेंबरच्या रात्री त्या नरभक्षक बिबट्यास गोळी घालण्यात आली. १९७२ चा वन्यजीव कायदा बिबट्याला सर्वांत वरच्या परिशिष्टाचे संरक्षण देतो, तथापि माणसाच्या जिवास धोका ठरलेल्या जनावराविषयी वरिष्ठ वन्यजीव अधिकाऱ्यास तसा हुकूम देण्याची मुभाही त्यातच आहे. त्या हुकुमाविरुद्ध पेढीवर गादीला टेकून बोलण्याचा आम्हांस काही अधिकार नाही. ऊस तोडणाऱ्या बाईला अहिंसेचा अर्थ सांगण्यापूर्वी तिच्या घरापर्यंत दिवे आणि बंद दरवाजाचे घर पोहोचले काय, हे पाहावे लागेल. परंतु पिंपरखेड निराळे आणि जाधव नगर निराळे. प्रत्येक दिसलेला बिबट्या नरभक्षक नसतो. त्याच नोव्हेंबरात कोल्हापुरात नागाळा पार्कसारख्या भर वस्तीत एक बिबट्या शिरला, काही माणसे जखमी झाली, आणि काही तासांत तो पकडला गेला. तेथील आमच्या व्याह्यांनी सांगितले की पळापळ आणि आरडाओरड याने तो जनावराहून अधिक घाबरलेला दिसत होता.

या सर्व गडबडीत डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या वनमंत्र्यांनी विधिमंडळात एक हिशेब मांडला. चार माणसे दगावली तर पंचवीस लाखांप्रमाणे सरकारला एक कोटीची भरपाई द्यावी लागते. त्यापेक्षा एक कोटीच्या शेळ्याच जंगलात सोडाव्या, म्हणजे बिबटे बाहेर येणार नाहीत. हेतू वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु हिशेब हा आमचा धंदा आहे, म्हणून बोलतो. अंगणात दाणे टाकले म्हणजे चिमण्या कमी होतात असे कोणत्या धान्य व्यापाऱ्याने पाहिले आहे? खाद्य वाढले की खाणारे वाढतात. शिवाय उसात जन्मलेल्या बिबट्याला जंगलातल्या शेळीचे आमंत्रण पोहोचविणार कोण? आणि त्या शेळ्यांचा जीव खर्चाच्या कोणत्या सदरात धरावयाचा, हा प्रश्न विधिमंडळात कोणी विचारला असल्यास आमच्या वाचनात आला नाही.

२०२२ च्या गणनेप्रमाणे देशात सुमारे १३,८७४ बिबटे आहेत. कर्नाटकात १,८७९ आणि महाराष्ट्रात १,९८५. ही मोजणी मुख्यत्वे जंगलांतली. उसातले व गावाकडेचे त्यात पुरतेपणी येत नाहीत. म्हणजे ते आहेत, राहणार आहेत, आणि बेळगावच्या एका बाजूला खानापूरचे रान असेपर्यंत आज ना उद्या पुन्हा एखादा येणार आहे. त्या वेळी आपण अर्ज कसला करावयाचा हे आताच ठरवून ठेवणे बरे. आमची सूचना एवढीच आहे, की पुढचा अर्ज वनखात्याकडे न करता महानगरपालिकेकडे करावा, आणि तो बिबट्या येण्याआधी करावा. पेठेतला कचरा रात्री न ठेवता संध्याकाळीच उचलण्यात यावा. त्यासाठी जादा गाडीचा खर्च लागल्यास संघाने तो सभासदांवर बसवावा. भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण २०२३ च्या नियमांप्रमाणे पालिकेने करावयाचेच आहे. पांजरपोळासाठी आपण दरवर्षी जी वर्गणी काढतो तिचा एक हिस्सा त्या कामी देण्यास आमच्या अल्पमतीप्रमाणे काही हरकत नसावी. गाईसाठी दिलेला रुपया दयेचा आणि कुत्र्याच्या शस्त्रक्रियेसाठी दिलेला रुपया निराळा, असा भेद आम्हांस समजत नाही. यावर मतभेद होईल हे आम्ही जाणून आहो. एका ज्येष्ठ बंधूंनी तर ‘नसबंदी हीदेखील हिंसाच’ असे आम्हांस तोंडावर सांगितले. त्यांचे म्हणणे वार्षिक सभेत ऐकून घ्यावे.

आम्ही आमच्यापुरते काय केले तेही सांगतो, म्हणजे कोणी विचारावयास नको. वड्यांचे खोके बंद केले. गोदामाच्या दारांना खालून पत्रे मारले, भिंतीच्या फटी सिमेंटने लिंपल्या आणि पकडण्याचे पिंजरे आणले. उंदीर पूर्ण गेले नाहीत. यंदा हरभऱ्याची अकरा पोती कातरली गेली, आणि चिरंजीवांनी तो आकडा आमच्यापुढे ठेवला तेव्हा आम्ही गप्प बसलो. चाळणीचा कचरा आता रात्रभर आतच, कुलपात राहतो आणि सकाळी घंटागाडी आल्यावर हमाल तो बाहेर आणतो. शेजारचे पेढीवाले हसतात. कचऱ्याला कुलूप लावणारा व्यापारी त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता. परंतु परवा त्यांच्यापैकी एकाने आमच्या हमालाला बोलावून, दाराखाली मारलेल्या पत्र्याचा गेज किती आणि कारागीर कोण, असे विचारल्याचे कळते.